तुकडा नाय पडला

मुंजाबा शिंगाडे अजून जिवंत आहे आणि एक्याऐंशीव्या वर्षीही त्याला चष्मा लागलेला नाही. या दोन्ही गोष्टींचा मला राग येतो. माझं वय बासष्ट. माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत आणि चष्मा सापडला नाही तर मी स्वतःची सहीसुद्धा ओळखत नाही. हा म्हातारा मात्र पडेगावच्या माळावर काठीला टेकून उभा राहतो आणि दौलताबादच्या रस्त्यानं येणारा माणूस कोण, ते त्याच्या चालीवरून सांगतो.

माणसं लिहितात ती आवडत्या माणसांवर. शाळेतले गुरुजी, प्रेमळ मामा, गावचा भोळा सुतार. मला तसलं कुणी सुचत नाही. पस्तीस वर्षं मी ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याच्यावरच लिहितो. जेवढा विचार मी त्याचा केला तेवढा बायकोचाही केलेला नाही, हे ती स्वतःच कुणालाही सांगेल.

आम्ही मूळचे देवगाव रंगारीचे. पोलीस ॲक्शननंतर आजोबांना दुनळी बंदुकीचं लायसन मिळालं आणि तेव्हापासून आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान बंदुकीला. माझे वडील बद्रीनाथअण्णा. त्यांनी उसात शिरणारी रानडुकरं मारली, नंतर शहरात येऊन क्रांती चौकात शेती अवजारांचं दुकान टाकलं. मी डुकरांच्या वाटेला गेलो नाही. मी तबकड्या फोडल्या.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगतो. बशीएवढी केशरी तबकडी असते. नेमबाजाच्या पंधरा मीटर पुढं जमिनीत खंदक असतो, त्यात तबकड्या फेकणारी यंत्रं. बंदूक खांद्याला लावून नेमबाज ‘पुल’ म्हणून ओरडला की तबकडी सुटते, तासाला शंभर किलोमीटरच्या वेगानं. डावीकडं जाईल, उजवीकडं की सरळ, ते त्याला आधी ठाऊक नसतं. दोन बार टाकायची मुभा असते आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं संपतं. हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे, आशियाई स्पर्धांत आहे, इटलीत म्हणे गावोगाव आहे. आणि एकोणीसशे एकोणनव्वद साली तो आमच्या औरंगाबादेत, पडेगावच्या मुरमाड माळावर होता.

माळ मुंजाबाचा. म्हणजे सातबाऱ्यावर त्याचं नाव नव्हतं, पण त्याच्या बापाची आणि आज्याची मेंढरं तिथंच चरली होती. एका निवृत्त मेजरसाहेबांनी तो भाड्यानं घेऊन नेमबाजीचा क्लब काढला, तेव्हा हा तीन दिवस कुंपणाबाहेर काठी घेऊन उभा होता. चौथ्या दिवशी कुंपण तोडून आत शिरला आणि मेजरसाहेबांना म्हणाला, “तुमच्या फटाक्यानं माझ्या मेंढ्या गाभडतायत.” मेजरसाहेब हसले. ही सत्तरसालची गोष्ट, मी तेव्हा लहान होतो, पण मेजरसाहेब ती इतक्यांदा सांगायचे की मला पाठ झाली. पुढं बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि तोच मुंजाबा त्याच कुंपणाच्या आत खंदकात बसून यंत्रावर तबकड्या ठेवायला लागला.

ते काम वाईट. वर बंदुका धडाडतायत, खाली उकाडा, आणि यंत्राचा हात सुटला की वेळेवर बोट मागं घ्यायचं. मुंजाबाच्या डाव्या हाताची करंगळी त्यात एकदा गेली, ती अजून वाकडी आहे. पण या माणसानं खंदकात बसून एक गोष्ट केली जी आमच्यापैकी कुणाला जमली नाही. त्यानं सगळे नियम पाठ केले. त्याला वाचता येत नव्हतं. मेजरसाहेब इंग्रजी पुस्तकातून एकेक कलम मराठीत सांगायचे आणि हा ते धनगरी ओवी म्हणावी तसं एका सुरात परत म्हणून दाखवायचा. सात-आठ वर्षांनी पुण्याहून परीक्षक आले, त्यांनी तोंडी परीक्षा घेतली, आणि मुंजाबाच्या सदऱ्यावर पंचाचा बिल्ला लागला.

तिथून आमची साडेसाती सुरू झाली. या खेळात तबकडी फुटली तर पंच काहीच बोलत नाही. चुकली तरच बोलतो, ‘लॉस्ट’. त्यामुळं मुंजाबाच्या तोंडून आमच्या कानावर वर्षानुवर्षं तेवढा एकच शब्द पडला. दुसरा पंच असता तर खेळ संपल्यावर ‘छान मारलंत’ म्हणाला असता, चहा घेतला असता. हा सामन्याच्या दिवशी कुणाच्या हातचं पाणीसुद्धा पीत नसे. स्वतःचा मातीचा डेरा आणायचा, गोदामाच्या सावलीत ठेवायचा आणि तेच प्यायचा. एकदा पाहुण्यांच्या देखत त्यानं खुद्द मेजरसाहेबांना एका फेरीत तीनदा ‘लॉस्ट’ दिला. त्याच मेजरसाहेबांना, ज्यांनी त्याला दुष्काळात भाकरी दिली! मेजरसाहेबांनी बंदूक खाली केली आणि म्हणाले, “बरोबर आहे.” मला तेव्हा मेजरसाहेबांचाही राग आला होता.

आणि मी? मी त्या माळावरचा सर्वांत चांगला नेमबाज होतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, मुंजाबालाही विचारा. सव्वीस वर्षांचा होतो, लग्न व्हायचं होतं, डोळे असे की उडत्या तबकडीवरची कडा दिसायची. एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये पडेगावला निवड चाचणी ठरली. शंभर तबकड्या, पंचवीस-पंचवीसच्या चार फेऱ्या. जो नव्वद फोडेल तो राष्ट्रीय शिबिराला जाणार, आणि शिबिरातून परदेशी जाणाऱ्या संघाची निवड व्हायची. नव्वद फोडणारे कितीही असोत, सगळे जाणार होते. सरावात मी एक्क्याण्णव-ब्याण्णव सहज फोडत होतो. अण्णांना इतकी खात्री की त्यांनी पैठण गेटच्या शिंप्याकडून माझ्यासाठी गडद निळा कोट शिवून घेतला. खिशावर देशाचं चिन्ह तेवढं लावायचं ठेवलं होतं.

चाचणीच्या दिवशी पहिल्या तीन फेऱ्या दुपारपर्यंत उरकल्या. पंच्याहत्तरपैकी माझ्या अडुसष्ट झाल्या. म्हणजे शेवटच्या फेरीत पंचवीसपैकी बावीस हव्या होत्या. अवघड नव्हतं, पण सोपंही नव्हतं. अण्णा सकाळपासून पिंजऱ्यातल्या वाघासारखे फेऱ्या घालत होते.

शेवटच्या फेरीच्या तबकड्या अण्णांनीच क्लबला भेट दिल्या होत्या. त्यांनी सकाळीच मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “पेट्या फोड. गोदामाच्या मागं पत्रे टाकलेत, त्यावर पसर.”

“कशाला?”

“ऊन दाखवू. कडक झाल्या की छर्रा नुसता शिवला तरी फुटतील.”

आमच्याकडं प्रत्येक गोष्टीवर एकच इलाज असतो, ऊन दाखवणं. तूर, मिरच्या, पापड, कुरडया, गाद्या, लोणच्याची बरणी, बाळंतिणीचं बाळ. सगळं उन्हात. त्यामुळं मला त्यात वावगं वाटलं नाही. सगळ्यांच्याच तबकड्या कडक होणार होत्या, म्हणजे कुणाचा तोटाही नव्हता. तरी त्या गोदामाच्या मागं पसरल्या, कुणाला दिसणार नाही अशा. त्याअर्थी आमच्या मनात पाप होतंच. पेट्या मी स्वतः वाहिल्या. लग्नाचा मांडव सजवावा तशा हौसेनं मी त्या केशरी तबकड्या ओळीत मांडल्या.

दुपारच्या सुट्टीत मुंजाबा पाणी प्यायला त्याच्या डेऱ्याकडं आला आणि गोदामाला वळसा घालून थेट आमच्यासमोर उभा राहिला. एक तबकडी उचलली, अंगठ्यानं दाबली.

“अण्णा, ह्या सावलीला घ्या,” तो म्हणाला. “ह्यात माती नसती. चुनखडी अन् डांबर असतंय. उन्हानं मऊ पडतंय. छर्रा आरपार जातो, तबकडी फुटत नाय. मी सतरा वर्सं हाताळतोय.”

अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “पापड उन्हात कडक होतो, वीट कडक होते, मिरची कडक होते, आणि तुझी तबकडी तेवढी मऊ पडते व्हय रे? बिल्ला लावला म्हणून शहाणा झालास काय? जा, मेंढरं वळ जा.”

मी हसलो. ते हसू मला अजून ऐकू येतं. मुंजाबानं माझ्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, तबकडी होती तिथं नीट ठेवली आणि निघून गेला. मला वाटलं, जिरली.

अडीच वाजता शेवटची फेरी सुरू झाली. तबकड्या तव्यावरून काढल्यासारख्या गरम खंदकात गेल्या. पहिल्या पाच मिनिटांतच सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नाशिकचा एक नेमबाज एरवी तेवीस फोडायचा, तो सोळावर आला. जालन्याचा एक गडी बंदूक उघडून नळीतून आभाळ बघायला लागला. आणि मागून मुंजाबाचा तो सपाट आवाज, “लॉस्ट. लॉस्ट.” सगळे एकमेकांत पुटपुटत होते की ह्याचे डोळे गेले. माझ्या मात्र चोविसापैकी एकवीस झाल्या होत्या. आज इतक्या वर्षांनी मला कळतं की त्या अर्ध्या तासात मी आयुष्यातली सर्वांत चांगली बंदूक चालवली. मऊ तबकडीसुद्धा तुटेल असा मी तिच्या मधोमध छर्रा घालत होतो.

शेवटची तबकडी उरली. चाचणीतला शेवटचा नेमबाजही मीच. एकोणनव्वद झाल्या होत्या, ही फुटली की नव्वद. मागं अण्णा उभे, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“पुल!”

तबकडी उजवीकडं तिरपी सुटली. पहिला बार मागं राहिला. दुसरा बसला. मी डोळ्यांनी बघितलं, तबकडीनं हवेत अंग झटकलं, केशरी धुरळा निघाला. मग ती तशीच सरळ पुढं गेली आणि बाभळीजवळ जाऊन पडली.

“लॉस्ट,” मुंजाबा म्हणाला.

मी हात वर केला. नियमानं हरकत घेतली. त्यानं दोन्ही बाजूंच्या सहायक पंचांना विचारलं. एक म्हणाला, धुरळा दिसला. दुसरा म्हणाला, काहीच दिसलं नाही. मी ओरडलो, “धुरळा उडाला की नाही? तू बघितलास की नाही?”

“उडाला,” मुंजाबा म्हणाला. “तुकडा नाय पडला. डोळ्याला दिसंल असा एक तरी तुकडा पडावा लागतो. लॉस्ट.”

“मी जाऊन तबकडी आणतो. छर्रे लागलेत, दाखवतो.”

“मैदानातली तबकडी उचलून दाखवता येत नाय. नियम हाय.”

एवढं बोलून तो आपल्या डेऱ्याकडं पाणी प्यायला गेला. एकोणनव्वद. मी जागच्या जागी उभा होतो आणि अण्णांनी मला हाताला धरून जीपमध्ये बसवलं. तो निळा कोट मी पुढं माझ्या लग्नात घातला. काखेत फाटला तेव्हा बायकोनं त्याची पिशवी शिवली.

त्यानंतर मी जे केलं ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मुंजाबाचं चित्र पुरं होत नाही आणि माझंही. अण्णांनी सांगितलं आणि मी अर्ज लिहिला. हस्ताक्षर माझं, मजकूर दोघांचा. चाचणीला आलेले सगळे चिडलेले होतेच, त्यामुळं चौदा सह्या दोन दिवसांत झाल्या. मेजरसाहेब तेव्हा पुण्याला मुलाकडं आजारी पडून होते. क्लबच्या समितीत अण्णांचा शब्द चालायचा. महिनाभरात मुंजाबाला काढलं. पंच म्हणून काढलं, आणि खंदकातल्या कामावरूनही.

तो आमच्या दुकानात आला. गर्दीची वेळ होती. त्यानं सदऱ्यावरचा बिल्ला काढून माझ्यासमोर फळीवर ठेवला.

मी म्हणालो, “हा समितीकडं दे. समितीनं काढलंय तुला.”

“समितीनं नाय काढलं,” तो म्हणाला आणि गेला. गिऱ्हाइकांच्या देखत माझं तोंड एवढंसं झालं आणि माझा त्याच्यावरचा राग दुप्पट झाला. चूक ज्याची असते त्यालाच जास्त राग येतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, पण राग काही कमी होत नाही.

पुढची पस्तीस वर्षं मी एकच गोष्ट सांगत जगलो. क्रांती चौकातल्या चहाच्या टपरीवर, लग्नात, बाराव्याला, दुकानातल्या बाकावर. एका आंधळ्या धनगरानं माझा देशाचा कोट हिरावला. ऐकणारे हळहळायचे. कुणी म्हणायचं, तुम्ही आज कुठल्या कुठं असता, काकासाहेब. मला ते औषधासारखं लागू पडायचं. ऊन, पत्रे आणि गोदामाची मागची बाजू त्या गोष्टीत कधीच आली नाही. अण्णा गेले, तेही त्या दुपारबद्दल एक अक्षर न बोलता गेले.

क्लब मध्यंतरी बंद पडला होता. गेल्या वर्षी नव्या मंडळींनी तो पुन्हा उभा केला. नवी यंत्रं आली, आवाजावर चालणारी, खंदकात कुणी बसायला नको. उद्घाटनाला जुन्या पंचाचा सत्कार करायचं ठरलं आणि मी उपाध्यक्ष, म्हणून आमंत्रण द्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मी म्हणालो, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, तुम्हीच त्याला ओळखता. खरंच होतं ते.

सकाळी दहाच्या सुमारास मी पडेगावच्या मागं त्याच्या वस्तीवर गेलो. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं मेंढरांचा वाडा. मुंजाबा दारात बाजेवर बसला होता. मी गाडीतून उतरायच्या आतच त्यानं आत हाक मारली, “बाने, देवगावचे काकासाहेब आलेत.”

त्याची बायको बानाबाई बाहेर आली. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. “लई वर्सं लागली यायला,” म्हणाली आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात न देता खाली ठेवला.

मी आमंत्रणाचं सांगितलं. शाल, नारळ, दोन शब्द. मुंजाबा ऐकत होता की नाही कळेना. माझी नजर त्याच्या डोक्यावरच्या कोनाड्यात गेली. तिथं देवाच्या टाकाशेजारी एक तबकडी उभी करून ठेवली होती. रंग उडालेला, केशरीची विटकर झालेली. मागच्या खिडकीतून उजेड येत होता आणि तबकडीत सात बारीक भोकं होती. मोहरीएवढी. सातही भोकांतून उजेड दिसत होता.

मला विचारावं लागलं नाही. तरी मी विचारलं.

“तीच हाय,” मुंजाबा म्हणाला. “शंभरावी. कुठं पडली ते बघून ठिवलं व्हतं. समदे गेल्यावर बाभळीखालून आणली.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सात छर्रे! सात! म्हणजे मी मारली होती. तुला ठाऊक होतं आणि तू पस्तीस वर्षं ती देवापाशी ठेवून बसलास?”

“मारली व्हती की. मी कवा म्हनलं नाय मारली? मी म्हनलं तुकडा नाय पडला.”

“माझं आयुष्य घालवलंस तू.”

“मी?” तो म्हणाला आणि पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. “उन्हात कुनी घातल्या? मी सांगाया आलो तवा दात कुनी काढले?”

 मग मला जे इतकी वर्षं सुचलं नव्हतं ते सुचलं आणि मी ते त्याच्या तोंडावर फेकलं. “तू पंच होतास. तबकड्या मऊ पडल्यात हे तुला कळलं होतं. क्लबची समिती तिथंच तंबूत बसली होती. फेरी थांबवायची होतीस. का नाही सांगितलंस?”

मुंजाबा बाजेवरून उठला. मला वाटलं आत जाईल, पण तो उभाच राहिला.

“निघालो व्हतो सांगाया,” तो म्हणाला. “गोदामापासून तंबूपातुर पन्नास पावलं. मधीच उभा राह्यलो. तुमचा बाप म्हनला व्हता, मेंढरं वळ. म्हनलं, बरं. वळतो. जाऊ द्या समदी एका रांगेत उन्हात.”

“म्हणजे मुद्दाम.”

“व्हय, मुद्दाम. बाकीच्यांचं वाईट वाटतं मला. नाशिकवाला, जालन्याचा, त्यांनी काय केलं व्हतं? त्यांच्यासाठी झोप नाय आली कितीक दिवस. तुमचं नाय वाटलं. आजबी नाय वाटत.”

असं कुणी तोंडावर बोललं की माणसानं उठून जावं. मी उठलोच होतो. पण बानाबाई आतून एक कापडात गुंडाळलेला कागद घेऊन आली आणि तो तिनं नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं तो माझ्यापुढं धरला. घड्यांवर विरलेला, पण अक्षर ओळखू येत होतं. म्हणजे मी चष्मा लावल्यावर ओळखू आलं. क्लबच्या कार्यालयातून त्याला मिळालेली माझ्या अर्जाची नक्कल होती.

“वाचा,” मुंजाबा म्हणाला.

“तुला ठाऊक आहे काय लिहिलंय ते.”

“तवाच कारकुनानं वाचून दावलं व्हतं. तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

मी नाही म्हणू शकलो असतो. गाडी दहा पावलांवर होती. पण समोर ती तबकडी होती, आणि का कोण जाणे, मला तिच्या देखत पळून जाता येईना. मी वाचायला लागलो.

“सदर इसमाची नजर अत्यंत कमजोर असून त्यास पन्नास मीटरवरील वस्तू स्पष्ट दिसत नाही. सदर इसम अशिक्षित असून मेंढपाळीचा धंदा करणारा आहे. अशा इसमाच्या हाती होतकरू खेळाडूंचे भवितव्य सोपविणे…”

 पुढच्या दोन ओळी वाचल्या की नाही, आठवत नाही. बानाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती आणि मला तिच्याकडून ती नकोही होती. लाज वाटली. साधी, शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यावर वाटते तशी लाज वाटली, आणि त्या लाजेचाही मला राग आला.

मुंजाबानं कागद परत घेतला, होत्या त्याच घड्या घातल्या. “सही कुनाची पयली हाय?”

“माझी.”

“व्हय. कारकूनबी तेच म्हनला व्हता.”

मी निघताना त्यानं कोनाड्यातली तबकडी काढून माझ्या हातात ठेवली. “घिऊन जा. तुमचीच हाय. पन कुनाला दाखवू नका. मैदानातली उचललेली चालत नाय.”

“आणि सत्काराचं?”

“तुमच्या हातून नाय घ्यायचा. शाल मातूर धाडून द्या. थंडीचं कोकराला व्हईल.”

हे असं बोलणाऱ्या माणसाबद्दल मला प्रेम वाटावं अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती चुकीची आहे. तो सूड घेणारा माणूस आहे. त्यानं माझ्याबरोबर त्या दोन निरपराध नेमबाजांचाही बळी दिला, आणि ते तो स्वतः कबूल करतो. मी गाडी चालवत शहरात येईपर्यंत त्याला शिव्याच देत होतो. तबकडी शेजारच्या सीटवर होती. छावणीच्या पुलापाशी गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा मी तिच्यावर पटकन हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांती चौकात नेहमीचे चौघं टपरीवर जमले होते. सत्काराची बातमी त्यांना लागलेली होती. एकजण मला खूश करायला म्हणाला, “काकासाहेब, त्या आंधळ्यालाच शाल देताय म्हणे! तुमचं काळीज मोठं.”

“आंधळा नाही तो,” मी म्हणालो.

“मग ती तुमची शंभरावी?”

चौघंही माझ्याकडं बघत होते. पस्तीस वर्षांत त्यांनी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं. मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

“लॉस्ट,” मी म्हणालो.